भंडाऱ्याच्या सरळ खाली, समुद्राच्या तळाशी

नकाशा उघडा आणि भंडाऱ्यावर बोट ठेवा. आता सरळ खाली या, नेल्लोर, पाँडिचेरीच्या जवळून, श्रीलंकेचा पश्चिम किनारा घासत, विषुववृत्त ओलांडून अजून खाली, 43 अंश दक्षिणेपर्यंत. इथे हिंदी महासागर तीन किलोमीटरहून जास्त खोल आहे. या तळातून 'रॉबर्ट कॉनरॅड' नावाच्या अमेरिकन संशोधन जहाजाने पाइप खुपसून गाळाचा एक लांबलचक कोअर, म्हणजे थर जसेच्या तसे असलेला उभा नमुना, वर काढला. त्याचं नाव आरसी 11-120. दिसायला नुसता चिखल, पण हिमयुगं का येतात या प्रश्नाचं उत्तर ज्या थोड्या चिखलातून मिळालं त्यातला हा एक आहे.

चिखलात असतात फोरॅमिनिफेरा, फोरॅम म्हणतात त्यांना. एका पेशीचे जीव, अंगावर चुन्याचं कवच, आकार साधारण रव्याच्या दाण्याएवढा. जीव मरतो, कवच तळाशी जाऊन बसतं, त्यावर पुढचं, त्यावर अजून पुढचं, अशी हजारो वर्षं.

ही कवचं आयुष्यभर मोजत बसलेला माणूस म्हणजे निकोलस शॅकल्टन. जन्म 1937, लंडन. वडील भूवैज्ञानिक, अंटार्क्टिकावाले अर्नेस्ट शॅकल्टन लांबचे नातेवाईक, पण हे स्वतः केंब्रिजमध्ये फिजिक्स शिकले आणि मला वाटतं इथेच सगळा फरक पडला, कारण त्यांनी आधी हात घातला तो मशीनला.

झालं असं होतं की 1955 मध्ये चेझारे एमिलियानी यांनी फोरॅमच्या कवचातला ऑक्सिजन मोजून जुन्या समुद्राचं तापमान काढलं होतं. ऑक्सिजन दोन प्रकारचा धरा, हलका 16 आणि जड 18. पाणी थंड असलं की कवचात जड ऑक्सिजन जास्त जातो. पण दुसरी एक गोष्टही होते. समुद्राची वाफ होताना हलका ऑक्सिजन सहज वर जातो, त्याचा बर्फ जमिनीवर साठून राहिला की समुद्रात मागे जडच जास्त उरतो. मग कवचात दिसतंय ते नक्की काय, थंडी की बर्फ? एमिलियानी म्हणाले, मुख्यतः तापमान.

शॅकल्टन यांचा युक्तिवाद इतका साधा आहे की ऐकल्यावर वाटतं हे कुणाला आधी कसं सुचलं नाही! पृष्ठभागावर तरंगणारे फोरॅम असतात तसे तळाशी राहणारेही असतात, आणि तळाचं पाणी आजच गोठायच्या जवळ आहे, ते अजून किती थंड होणार? म्हणजे तळवाल्यांच्या कवचातही तेवढाच बदल दिसला तर तो मुख्यतः बर्फाचा. अडचण एवढीच की तळवाले फार कमी सापडतात आणि तेव्हाच्या मास स्पेक्ट्रोमीटरला (हलका आणि जड ऑक्सिजन वेगळा मोजणारं मशीन) भरपूर कवचं लागायची. मग त्यांनी मशीनच सुधारलं, अगदी मोजक्या कवचांवर चालेल असं केलं. मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशने एकेक दाणा वेचायचा, अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचा, निघालेला वायू मोजायचा. 1967 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की हा आलेख मुख्यतः पृथ्वीवर किती बर्फ होता याचा आहे. आणि बर्फाचा म्हणजे जगभर एकच, त्यामुळे पॅसिफिकचा कोअर आणि हिंदी महासागरातला कोअर एकमेकांशेजारी ठेवून जुळवता यायला लागले!

आता परत भंडाऱ्याच्या खाली. आरसी 11-120 आणि त्याच भागातला अजून एक कोअर, दोन्ही मिळून साडेचार लाख वर्षं. जिम हेज, जॉन इंब्री आणि शॅकल्टन. ऑक्सिजन मोजला तो ग्लोबिजेरिना बुलॉइड्स या फोरॅमच्या कवचात. (हाच फोरॅम आपल्या अरबी समुद्रात मान्सूनच्या वाऱ्यांनी खालचं थंड पाणी वर आलं की भरभरून वाढतो, म्हणून मान्सूनचा इतिहास शोधणारे लोकही त्याच्याच मागे असतात.) 1976 मध्ये पेपर आला. आलेखात ठोके सापडले, म्हणजे ठरावीक काळाने परत येणारे चढउतार, साधारण 1 लाख, 41 हजार आणि 23 हजार वर्षांचे. हे ठोके अनुक्रमे पृथ्वीच्या कक्षेचा आकार, आसाचा कल आणि आसाचं डोलणं यांचे. या बदलांमुळे हिमयुगं येतात हे सर्बियन शास्त्रज्ञ मिलांकोविच यांनी आधीच कागदावर गणित करून मांडलं होतं, इथे ते चिखलात सापडलं.

पुढे मानसन्मान आले, 1995 चं क्राफोर्ड प्राइझ, 1998 मध्ये सर ही पदवी. क्लॅरिनेट वाजवायचे आणि जमवायचेही, शेकडो क्लॅरिनेट, जी आता एडिनबरा विद्यापीठाकडे आहेत.

पण मला सगळ्यात आवडतो तो 1990 चा प्रसंग. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शेवटचं उलटलं त्याची तारीख खडकांवरून ठरली होती, 7 लाख 30 हजार वर्षं. शॅकल्टन आणि सहकाऱ्यांनी कवचांमधले कक्षेचे ठोके मोजले आणि सांगितलं की नाही, 7 लाख 80 हजार. पन्नास हजार वर्षांचा फरक, तोही ठरलेल्या आकड्याविरुद्ध. नंतर खडकांचं वय आर्गॉनच्या नव्या पद्धतीने पुन्हा काढलं गेलं, आणि उत्तर आलं साधारण 7 लाख 80 हजार.