द्वंद्व, पण कोणतं? रब्बी सोलोवेचिक यांचे दोन आदाम

नमस्कार. मराठी बायबल हाताशी असेल तर उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय उघडा आणि पेन्सिल घ्या. माणूस तिथे दोनदा घडवला जातो.

पहिल्या अध्यायात स्त्री आणि पुरुष एकदमच निर्माण होतात, देवाच्या प्रतिरूपाचे. शरीर कशाचं बनवलं, याबद्दल अवाक्षर नाही. आज्ञा काय, तर पृथ्वी व्यापा आणि ती सत्तेखाली आणा. दुसऱ्या अध्यायात माती येते, नाकपुड्यांत फुंकलेला श्वास येतो. काम मिळतं बागेची मशागत आणि राखण करायचं. इथे पुरुष आधी एकटाच आहे, स्त्री नंतर येते. आणि एक बारीक खूण: पहिल्या अध्यायात नुसता 'देव' आहे, इथे 'परमेश्वर देव'.

बायबलचे चिकित्सक म्हणतात, दोन वेगळ्या परंपरा एकत्र शिवल्या आहेत. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, जोसेफ सोलोवेचिक यांनी १९६५मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द लोनली मॅन ऑफ फेथ' (श्रद्धेचा एकाकी माणूस) या दीर्घ निबंधात या विसंगती मान्य केल्या, पण कारण वेगळं दिलं: परंपरा दोन नाहीत, माणूसच दुहेरी आहे. पहिल्या अध्यायातला माणूस हा त्यांचा पहिला आदाम, दुसऱ्या अध्यायातला दुसरा.

ही वाचनाची सवय घरातलीच. त्यांचे आजोबा, ब्रिस्कचे रब्बी हाईम, तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातले दोन नियम एकमेकांना भिडले की मधली वाट काढत बसायचे नाहीत. दोन्ही नियम नेमके कशाविषयी आहेत, ते वेगळं करून दाखवायचे. नातवाने बर्लिनमध्ये तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट केली, तरी हात आजोबांचाच राहिला, असं मला वाटतं.

आता सगळ्यात जास्त घसरण होते ती इथे. पहिला आदाम म्हणजे अहंकारी, दुसरा म्हणजे सज्जन, असं बरेच जण सांगतात. साफ चूक! पहिला आदाम रोगाशी लढतो, ताऱ्यांकडे झेपावतो, आणि सोलोवेचिक यांच्या मते तेही देवाच्याच इच्छेनं. साथीपुढे हतबल होऊन मरण्यात त्यांना माणसाची प्रतिष्ठा दिसत नाही. दुसरा आदाम 'कसं चालतं' हे विचारत नाही. 'का आहे' आणि 'माझ्यासोबत कोण आहे' हे विचारतो.

दुसरी घसरण जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या नावानं होते. वाद, प्रतिवाद आणि शेवटी संवाद, असा जिना इथे लावला की वरची पायरी सापडतच नाही. ज्यू गूढवादी विचारवंत रब्बी कूक विरोधांच्या वर असलेली एकता शोधतात. सोलोवेचिक या दोन आदामांचा पूर्ण मेळ घालून देत नाहीत. शाळेतलं व्याकरण आठवा: वैकल्पिक द्वंद्वात 'किंवा' असतो, इतरेतर द्वंद्वात 'आणि'. हे द्वंद्व इतरेतर आहे, फक्त दोन पदं कधी शांतपणे शेजारी बसत नाहीत. माणसानं त्यांच्यामध्ये ये-जा करत राहायचं.

हलाखा, म्हणजे ज्यू धर्मनियम, ही ये-जा रोजच्या कामात उतरवते. आजारी माणसावर उपचार करायला तालमूद स्पष्ट मुभा देतो. आणि रोजच्या उभ्या प्रार्थनेतला आठवा आशीर्वाद बरं करण्याची याचना करतो. तोच माणूस सकाळी हात पसरतो आणि दुपारी शस्त्रक्रिया करतो.

मग निबंधाच्या नावात एकाकीपणा का? त्याचे दोन थर आहेत. एक कायमचा: दुसऱ्या आदामाच्या पोटातला, ये-जा न थांबल्यामुळे येणारा. दुसरा आपल्या काळाचा. आजचा यशस्वी माणूस प्रार्थनास्थळात जातो, देणगी देतो, पण धर्माकडून त्याला मनःशांती आणि चार उपयोगाच्या गोष्टी हव्या असतात. तो पहिल्या आदामाचंच माप घेऊन आत येतो. दुसरा आदाम त्याच्याशी बोलायला जातो, तेव्हा समोरच्याला शब्द कळतात, पण भाषा कळत नाही.