लाभपाचमीच्या सकाळी शंभर संगणक

महिन्याचा दुसरा मंगळवार. मायक्रोसॉफ्टची विंडोजसाठीची सुरक्षा-अपडेट्स याच दिवशी येतात, अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेनुसार सकाळी दहाला. बडोद्यात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, थंडीत साडेअकरा. म्हणजे इथल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसांसाठी हे काम बुधवारचं.

2025 साली हा मंगळवार 14 ऑक्टोबरला आला. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट त्याच दिवशी संपला. आणि लगेच पुढच्या सोमवारी दिवाळी. गुजरातेत चोपडापूजन, म्हणजे हिशेबाच्या वह्यांची पूजा, झालं की पुष्कळ ऑफिसं थेट लाभपाचमीलाच, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, उघडतात. मधल्या दिवसांत संगणक बंद, आणि बंद संगणक अपडेट घेत नाही. मुहूर्तावर कुलूप निघतं, सगळी यंत्रं एकदम चालू होतात आणि एकच फाइल मागू लागतात.

हिशेब करून बघू. समजा अपडेट 800 एमबीचं आहे आणि संगणक शंभर. झाले 80 जीबी. 100 एमबीपीएसची लाइन पूर्ण याच कामाला दिली, तरी पावणेदोन तास जातात. तेवढ्या वेळात जीएसटीचं पोर्टल उघडत नाही, ई-वे बिल निघत नाही आणि माल भरलेला ट्रक गेटवर उभा राहतो.

यावरचा उपाय विंडोजमध्येच आहे: डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. एका यंत्राने उतरवलेले तुकडे शेजारच्या यंत्रांनी घ्यायचे. त्यासाठी ऑफिसच्या आत टीसीपी पोर्ट 7680, म्हणजे यंत्रांमधल्या देवाणघेवाणीचं ठरलेलं दार, उघडा हवा. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं, अँटिव्हायरसबरोबर आलेली फायरवॉल तो पोर्ट बंद ठेवते. वायफायवर क्लायंट आयसोलेशन (यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सेटिंग) चालू असेल तरीही यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत. या सोयीचा डाउनलोड मोड 1 (एकाच नेटवर्कमधल्या यंत्रांपुरती देवाणघेवाण) एका ऑफिसला पुरतो. पण बडोदा आणि हालोल ही दोन्ही ऑफिसं व्हीपीएनवरून (ऑफिसांना जोडणाऱ्या खाजगी जोडणीवरून) एकाच ठिकाणाहून इंटरनेटला जात असतील, तर मोड 1 ला ती शेजारी वाटतात आणि फाइल व्हीपीएनवरूनच ये-जा करते. तिथे मोड 2 (नेमून दिलेल्या गटापुरती देवाणघेवाण) लावायचा आणि प्रत्येक ऑफिसला वेगळा ग्रुप आयडी द्यायचा.

लाभपाचमीच्या आदल्या दिवशी पाच-सहा यंत्रं चालू करून अपडेट उतरवून घेतलं, तर सकाळच्या गर्दीला ते घरातच मिळतं. फार आधी मात्र नको. उतरवलेले तुकडे मूळ सेटिंगप्रमाणे तीनच दिवस राहतात.

दुसरी अडचण डेडलाइनची. अपडेटची मुदत सुट्टीतच उलटलेली असते. अशा वेळी ग्रेस पीरियड, म्हणजे रीस्टार्टसाठीची जादा सवलत, शून्य ठेवला, तर कामावर परतलेल्या माणसाचा संगणक पहिल्याच दिवशी जबरदस्तीने रीस्टार्ट होऊ शकतो. ग्रेस शून्य ते सात दिवसांपर्यंत देता येतो. दोन दिवस तरी द्यावेच, तेही कामाचे दिवस पाहून.

सगळ्या यंत्रांवर एकदम अपडेट सोडू नये, हे ऑक्टोबर 2025 ने पुन्हा दाखवलं. त्या महिन्याच्या अपडेटनंतर विंडोज 11 च्या रिकव्हरी स्क्रीनवर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. दुरुस्ती आली 20 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत. त्याच अपडेटनंतर काही 32-बिट प्रोग्रामना स्मार्टकार्डवरचं सर्टिफिकेट ओळखता येईना आणि कागदपत्रांवर डिजिटल सही होईना. म्हणून पहिल्या तुकडीत फक्त आयटीवाल्यांची यंत्रं असून भागत नाही. जिथे डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी उपकरण) लागतं ते अकाउंट्सचं एक यंत्र, टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचं एक आणि डिस्पॅचमधला जुना लेबल प्रिंटर जोडलेलं एक, एवढी त्यात हवीतच. त्यांना शून्य दिवसांनी, पुढच्या तुकडीला तीन दिवसांनी आणि बाकीच्यांना सात दिवसांनी अपडेट द्यावं. क्वालिटी अपडेट, म्हणजे हे दरमहाचं अपडेट, जास्तीत जास्त तीस दिवस लांबवता येतं, पण एवढं लांबवणं धोक्याचं आहे. वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस 12 मे 2017 ला पसरला. त्याला अडवणारं अपडेट 14 मार्चलाच आलेलं होतं.

आता अपडेट अर्धवट राहिलेल्या एखाद्या यंत्रावर टास्क मॅनेजर पाहा. परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली अप टाइम, म्हणजे यंत्र सलग किती वेळ चालू आहे ते, दिसतो: अकरा दिवस. अकाउंट्समधल्या ताई म्हणतात, "मी तर रोज बंद करूनच घरी जाते." आणि ते खरंच आहे. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउनच्या वेळी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अपडेट अर्धवट राहतं ते यामुळे. "ताई, आज जाताना बंद नका करू, रीस्टार्ट द्या," एवढं सांगून काम होतं. शंभर जणांना सांगत बसण्यापेक्षा ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या यंत्रांची सेटिंग एका जागेवरून बदलण्याच्या सोयीतून) फास्ट स्टार्टअप बंद केलेलं बरं.

शेवटी पडताळणी. "इन्स्टॉल झालं" या शब्दांवर विसंबू नये, विनव्हर या विंडोजच्या कमांडने दिसणारा बिल्ड नंबर पाहावा, टिंबापुढच्या आकड्यासकट. यादीत जुना आकडा उरलेली यंत्रं बहुधा तीच असतात: सेल्सवाल्यांचे बाहेरगावी फिरणारे लॅपटॉप, सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला एखादा संगणक आणि गेटवरचं ते यंत्र, जे चोवीस तास चालू असतं म्हणून कोणी रीस्टार्टच करत नाही.