पांढऱ्या ज्वारीचे माल्ट

घमेल्यात पडणारी ही ज्वारी खरिपाची आहे. कणसे पक्व होत असताना पाऊस लागला की दाणा बुरशीने काळा पडतो आणि तसा दाणा माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याला, चालत नाही. म्हणून या घरच्या आजींनी सुपात एकेक मूठ निवडून ती अशी पांढरी, टणक करून घेतली आहे.

बिअर कोणत्याही प्रकारची असो, तिला लागणारी बहुतेक साखर पायाभूत माल्टमधून येते. जगभर त्यासाठी जव वापरतात. परंतु नायजेरियाने 1988 मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या कारखान्यांनी ज्वारीवरच बिअर काढली. अकोला जिल्ह्यातल्या ज्वारी उत्पादकालाही भाकरी आणि कडबा यांपलीकडचा गिऱ्हाईक मिळायला हवा, असे आम्हांला मनापासून वाटते.

निवड फिक्या माल्टची करावी. त्यापासून सोनेरी बिअर होते आणि थोडे भाजलेले दाणे मिसळले की तेच माल्ट तांबूस किंवा काळ्या बिअरलाही पुरते. गडद भाजलेल्या माल्टचा रंग मात्र उतरवता येत नाही आणि त्या आचेत स्टार्चची साखर करणारी विकरेही (एन्झाइम) मरतात. लाल ज्वारीतले टॅनिन या विकरांना अडवते, म्हणून ज्वारी पांढरी.

रात्रभर भिजलेले दाणे आता ओल्या गोणपाटावर आहेत. चार-पाच दिवस त्यांवर पाणी शिंपडायचे, मुळ्या गुंतू नयेत म्हणून हाताने हळूहळू उलथायचे आणि ढिगाच्या पोटात ऊब साचू द्यायची नाही. मग गच्चीवर पातळ थर देऊन ते खडखडीत वाळवतात. वाळलेले मोड व मुळ्या चोळून पाखडणे अनिवार्य आहे, कारण त्यांतल्या धुरिन या द्रव्यापासून विषारी सायनाइड तयार होते.

ज्वारीचा स्टार्च जवापेक्षा अधिक तापमानाला, साधारण 68 ते 78 अंशांच्या दरम्यान, मऊ होतो आणि तेवढ्या उष्णतेत विकरे फार काळ टिकत नाहीत. म्हणून कोमट पाण्यात कालवलेल्या भरड माल्टची विकरे उतरलेली वरची निवळ आधी काढून ठेवतात, खालचा गाळ चुलीवर शिजवतात आणि तो 65 अंशांपर्यंत निवला की निवळ त्यात परत ओततात. ज्वारीला जवासारखे टरफल नसल्याने गाळताना लगदा बसतो. भंडारा-गोंदियाकडचे धानाचे तूस मिसळले की पाणी मोकळे उतरते.

परवान्याशिवाय घरी बिअर करणे कायद्याने गुन्हा असल्याने, यात साखरेचे मद्य करणारे यीस्ट पडणार नाही.

बशीतल्या गोड पाण्यावर आयोडीनचा थेंब पडला आहे. स्टार्च उरला असता तर तो निळा-काळा झाला असता. तो तपकिरीच राहिला आहे.