हात मागे

(दृश्य: रविवार सकाळ. कॉलनीचं मैदान. झेंड्याचा खांब, बांबू, दोरखंड.)

साडेसहाला झेंडा चढतो. त्याआधी अर्धा तास मैदानावर एकच माणूस असतो. सर. मैदान झाडणारे तेच, खांबाची दोरी तपासणारे तेच. आपल्याकडे स्काऊटची बरीच पथकं शाळांत असतात, शिक्षक ती चालवतात. हे ओपन पथक, शाळेबाहेरचं. इथे स्काऊटरला, म्हणजे पथक चालवणाऱ्या मोठ्या माणसाला, मानधन नाही. हे दोरखंडसुद्धा सरांनी पदरमोड करून आणलेले. त्यामुळेच त्यांच्याबद्दल तक्रार करायला आमची जीभ उचलत नव्हती.

तक्रार एकच. सर कुणाला काही करूच देत नसत. तंबू कुठे ठोकायचा, भाजीत मीठ किती, सगळं तेच ठरवणार. चुकलं की चारचौघांत ओरडणार. पथकात चार संघ, म्हणजे मुलांचे छोटे गट होते, दोन उरले. मी त्यांचा सहायक. मुलं गळत होती आणि मी हजेरीपत्रकात मुकाट्यानं रेघा मारत होतो.

(दृश्य: शिबिराची रात्र. बांबूचा मनोरा.)

मग मेळाव्यातली ती रात्र. एका संघानं दुपारभर खपून मनोरा उभा केला होता. सकाळी परीक्षण. रात्री बॅटरीच्या उजेडात सर दिसले. मुलांच्या बांधण्या सोडून ते स्वतः नव्यानं बांधत होते. सकाळी मनोऱ्याला बक्षीस मिळालं. संघनायक डावखुरा होता, त्याचे फेरे उलटे पडायचे. त्यानं दोरीकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही.

ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. वीसेक मुलांचे चार गट केले आणि प्रत्येक गट एका मुलाच्याच हाती सोपवला. संघपद्धत म्हणतात ती हीच. ती काढून घेतली, तर आमच्या मैदानावर कवायतीखेरीज काही राहत नाही.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सरांना काढा' असा सूर लागला. मी एका संध्याकाळी एकटाच त्यांच्या घरी गेलो. 'सगळे म्हणतात' हे शब्द तोंडी आणायचे नाहीत, एवढं ठरवून.

"सर, त्या रात्री तुम्ही बांधण्या सोडताना मी पाहिलं. तो पोरगा तेव्हापासून आला नाही."

सर भडकले. "आणि मनोरा पडला असता तर? पथकाची मान खाली गेली असती!" बराच वेळ बोलत राहिले. मी मध्ये तोंड घातलं नाही. चहा निवून गेला. मग हळूच विचारलं त्यांनी, "त्यानं ओळखलं होतं?"

एक गोष्ट इथेच सांगतो. हे सारं स्वभावाबद्दल झालं. मोठा माणूस मुलांवर हात उचलत असेल, मुलाला एकटं गाठत असेल, तर त्याच्या घरी चहाला जायचं नाही. त्याच दिवशी त्याला मुलांपासून दूर करायचं, वर लेखी कळवायचं. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे कुणाची वीस वर्षांची सेवा मध्ये आणायची नाही.

(दृश्य: कडुनिंबाखाली गोल करून बसलेले संघनायक. एका कडेला सर.)

आमची मानसभा, म्हणजे संघनायकांची बैठक, तोवर नुसती कागदावर होती. आता ती खरंच भरते. संघनायक बसतात, पुढच्या महिन्याचं तेच ठरवतात, स्काऊटर सल्ल्यापुरता. पहिल्या सभेत सर तीनदा मध्ये बोलले. तिसऱ्यांदा सगळ्यांत लहान संघनायक म्हणाला, "सर, आमचं बोलणं व्हायचंय अजून." सर थांबले.

शनिवारी ते संघनायकांना बांधण्या शिकवतात. त्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात मला तरी दिसलेला नाही. रविवारी मात्र दोरीला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला.

(दृश्य: यंदाचं शिबिर. कललेला मनोरा.)

सर दहा पावलांवर उभे आहेत. हात पाठीमागे, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. पोरांनी वरचा बांबू उतरवला, खालची बांधणी सोडली, पुन्हा बांधायला घेतली. पाऊण तास लागला.

तो डावखुरा मुलगा परत आला नाही. सर दोनदा त्याच्या घरी जाऊन आले.