रेपो उतरला, हप्ता का उतरला नाही?

मंडळी, घरासाठी कर्ज कुठलं घ्यावं असा विषय मला दिलाय. एका बँकेचं नाव ऐकायला आला असाल तर निराश व्हाल.

२०२५ साली रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, चार वेळा उतरवला. वर्षाच्या सुरुवातीला ६.५० टक्के होता, डिसेंबरात ५.२५. सव्वा टक्का. आता सांगा, तुमच्यापैकी किती जणांचं व्याज सव्वा टक्क्यानं उतरलं? बघा, हात मोजकेच वर आलेत.

ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांचं नवं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, गृहकर्ज बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेलं असतं. तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही. त्यांचा पीएलआर, म्हणजे व्याजाचा मूळ दर, त्या स्वतः ठरवतात. आपल्या अर्बन बँका आणि सौहार्द पतसंस्थांचंही तेच. पिग्मी, म्हणजे रोजची बचत, तिथंच भरतो, मॅनेजर ओळखीचा, म्हणून कर्जही तिथंच घेतो. ओळखीनं कर्ज लवकर मिळतं हो, दर उतरत नाही.

माझ्या बहिणीच्या मुलानं निपाणीत घर बांधलं, एका कंपनीच्या कर्जावर. रेपो दोनदा उतरला तरी ह्याचा दर जागच्या जागी. विचारायला गेला तर म्हणाले, अर्ज करा, फी भरा, मग उतरवतो. भरली, आणि उतरला! न विचारणाऱ्यांचं काय झालं असेल?

रेपोवर बँक जे चढवते तो स्प्रेड. जाहिरातीतला दर आज कमी दिसतो, पण पुढची वीस वर्षं तुमच्या मानेवर बसतो तो स्प्रेड. आपण कर्नाटकातले, जागेचे कागद कन्नडमध्ये, करार इंग्रजीत आणि आपण घरात बोलतो मराठी. तरी तेवढा एक आकडा शोधाच.

दर उतरला की बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. लोक रागावतात, मी म्हणतो असू दे. ३० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता साधारण २६,०३५. दर सव्वासातवर आला आणि हप्ता तोच ठेवला तर कर्ज साडेतीन वर्षं आधी फिटतं. हप्ता कमी करून घेतलात तर महिन्याला २,३०० च्या आसपास सुटतात, ते बाजारात कधी जातात कळतही नाही.

बँक बदलायची? फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर व्यक्तीला दंड नाही. पण प्रोसेसिंग फी, वकिलाचा अहवाल, टायटल डीड म्हणजे मालकीचे कागद जमा करण्याचा मुद्रांक, सगळं पुन्हा. कर्जाची सुरुवातीची वर्षं असतील तरच परवडतं. त्याआधी आपल्याच बँकेला पत्र द्या.

आणि खानापूर रोडला प्लॉट घेतलाय, एन.ए., म्हणजे बिनशेती, झालेला नाही, असं असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. चांगली बँक दारातच उभी करणार नाही, आणि जो देईल तो महागच देईल.

उतरता दर कायमचा नसतो, हेही बघितलंय. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा. रेपोला बांधलेलं कर्ज तेव्हा सगळ्यांत आधी चढलं. तरीही मी रेपोवालंच घेईन. चढताना निदान कारण तरी कळतं.

चहा आलाय. ज्यांनी मंजुरीपत्र आणलंय त्यांनी इकडं खिडकीपाशी बसा, स्प्रेड कुठल्या पानावर आहे ते बघू.