रायझन ५, पण कोणता?

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉपच्या दुकानांत गर्दी होते. मुलगा किंमत बघतो, वडील विचारतात, "आय-फाइव्ह आहे ना?" किंवा "रायझन फाइव्ह आहे ना?" ही प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू असलेल्या चिपची नावं: पहिलं इंटेल कंपनीचं, दुसरं एएमडीचं. उत्तर 'हो' असतं. पण एवढ्यावर पैसे मोजू नका.

ही दोन नावं बघा. रायझन ५ ७५२०यू. रायझन ५ ७५३०यू. फरक एका आकड्याचा. पहिल्याचा मूळ वेग २.८ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा २.०. कागदावर पहिलाच सरस वाटतो ना? आता आत डोकावू. पहिल्यात ४ कोअर, म्हणजे काम करणारे भाग, आणि ४ एमबी एल-थ्री कॅश, म्हणजे चिपमधलीच झटपट मेमरी. दुसऱ्यात ६ कोअर आणि १६ एमबी. एकाच वेळी ब्राउझरचे वीस टॅब, कोडिंगचं सॉफ्टवेअर आणि व्हिडिओ कॉल चालवायचा, तर हा फरक रोज जाणवणार.

सगळी मेख या चार आकडी क्रमांकातल्या तिसऱ्या आकड्यात आहे. एएमडीच्या सात हजारांच्या लॅपटॉप मालिकेत सुरुवातीचा ७ म्हणजे २०२३ची मालिका. पण चिपची रचना कोणत्या पिढीची, ते तिसरा आकडा सांगतो. २ म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या रचनेचं नाव), २०१९ साली आलेली. ३ म्हणजे झेन ३, २०२०ची. ४ असेल तर झेन ४. ही फोड कंपनीनेच जाहीर केली होती, पण दुकानातल्या किमतीच्या पाटीवर ती नसते. हप्त्यावर लॅपटॉप घेणाऱ्या घराला ती दिसायलाच हवी.

इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. आय-५ १२३५यू मध्ये १० कोअर, १२४५०एच मध्ये ८. पण त्या दहांत ताकदीचे कोअर दोनच, आठांत चार. यू ची मूळ वीजमर्यादा १५ वॅट, एच ची ४५. दिवसभर कॉलेजात चार्जरविना काढायचा असेल तर यू घ्या. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी ड्रॉइंग तासन् तास चालणार असेल तर एच घ्या, मात्र पंख्याचा आवाज आणि जड चार्जर पत्करून.

दुकानात मशीन सुरू करून मागा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं, की प्रोसेसरचं पूर्ण नाव, कोअर, कॅश सगळं समोर येतं. त्याचा फोटो काढा आणि बिलावर तेच नाव आहे का ते ताडून बघा.

आणि ७५२०यू घेणारच असाल, तर रॅम आधीच ठरवा. या चिपला एलपीडीडीआर५ रॅमच चालते आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. आज ८ जीबी घेतलीत, तर नंतर वाढवता येणार नाही.