पिन मानेतच का मोडते?

[टेबलावर आडवी ठेवलेली बोलिंगची पिन. मानेवरच्या लाल पट्ट्या. कॅमेरा पट्टीच्या खाली सरकतो.]

लाल पट्टीच्या जरा खाली बघा. केसाएवढी बारीक रेघ दिसते? बोटाने चाचपली तर कळत नाही, पण नख फिरवलं की अडकतं. ही पिन आज दुपारपर्यंत लेनवर उभी होती. आता उभी राहणार नाही. रेघ नुसत्या प्लास्टिकच्या कवचाला गेलेली नाही, आतल्या लाकडापर्यंत पोचली आहे. अजून काही फटके बसले की डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे. तुटलेला तुकडा यंत्रात अडकला, तर ऐन शनिवारी लेन बंद.

पुण्यात शनिवार-रविवारी बोलिंगच्या लेन रिकाम्या मिळत नाहीत. ऑफिसचे ग्रुप येतात, कॉलेजची मुलं येतात, वाढदिवस होतात. सगळ्यांचं लक्ष बॉलकडे आणि वरच्या स्कोअरकडे. पिन पडली की ती खेळणाऱ्याच्या हिशेबातून गेली. आम्ही तिथूनच पुढे गेलो, लेनच्या मागच्या बाजूला. या खेळात सगळ्यात जास्त मार खाणारी वस्तू पिन आहे, आणि ती टिकाऊ कशी करायची हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही.

आधी पिनेची मापं. उंची 15 इंच, म्हणजे 38.1 सेंटिमीटर. पोटाशी जाडी साधारण 12 सेंटिमीटर, मानेशी साडेचारच्या जरा वर. वजन 1.53 ते 1.64 किलोच्या मध्ये. अमेरिकन बोलिंग काँग्रेस 1895 साली स्थापन झाली, तेव्हापासून मापं ठरवून देण्याची पद्धत रुळली. आज तर मानेचा घेर, पोटाचा फुगवटा, तळाची गोलाई, सगळं मिलिमीटरच्या आत बांधलेलं असतं. म्हणजे मान मोडते, तर करा जाड, हा सरळ उपाय पहिल्याच पावलाला बाद होतो.

[संथ गतीतलं दृश्य: बॉल हेडपिनला, म्हणजे सगळ्यात पुढच्या पिनेला लागतो. आवाज काढून टाकलेला.]

आता हा फटका नीट बघू. जड बॉल 16 पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोचा. तो ताशी 25 किलोमीटरने आला आणि दीड किलोच्या पिनेला समोरासमोर लागला, तर पिन बॉलपेक्षा जास्त वेगाने उडते, ताशी 30 किलोमीटरच्या वर. दोघांचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच टिकला असं धरा. तेवढ्या वेळात पिनेवर येणारं सरासरी बल दीड टनाच्या घरात जातं. हा हिशेब अगदी समोरून लागलेल्या फटक्याचा आहे. तिरका लागला तर कमी.

पण हा फटका बसतो कुठे? बॉलची त्रिज्या सव्वाचार इंच आणि पिनेचं पोट सगळ्यात रुंद आहे साडेचार इंचांवर. म्हणजे बॉल बरोब्बर पोटावर येतो, जिथे लाकूड सगळ्यात जास्त आहे. पोटावर खरचटे दिसतात, वळ दिसतात, प्लास्टिक काळवंडतं, पण पोट क्वचितच फुटतं.

मान फुटते ती नंतर. उडालेली पिन बाजूच्या भिंतीवर आडवी आपटते, दुसऱ्या पिनेचं पोट हिच्या मानेवर येतं, किंवा डोकं कशाला तरी अडतं आणि धड पुढे जाऊ पाहतं. अशा वेळी पिन वाकते. वाकताना येणारा ताण जाडीच्या घनाशी उलट्या प्रमाणात असतो. मान पोटापेक्षा सुमारे 2.6 पट बारीक आहे. त्याचा घन करा. वाकवणारा जोर तेवढाच असला, तर मानेतला ताण पोटापेक्षा सतरा-अठरा पट येतो. एवढ्या एका गणितात पिनेचं सगळं दुखणं आलं.

[पिटमागे, म्हणजे लेनच्या टोकाला पिना जिथे पडतात त्या खड्ड्यामागे. यंत्राचा खडखडाट. पिना वर चढताहेत.]

मागे आलं की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. खेळणारा एक फटका मोजतो, पण पिनेला त्या एका खेळीत अनेक बसतात. बॉलचा, शेजारणीचा, भिंतीचा, पिटच्या तळाचा, मग उचलणाऱ्या चाकात पडतानाचा, आणि शेवटी जागेवर ठेवताना तळावर. यातले बरेचसे फटके गुण लिहून झाल्यानंतरचे. म्हणून टिकाऊपणाचा विचार पिनेपासून सुरू करण्याआधी पिटपासून करावा, असं माझं ठाम मत आहे. पिटमधला पडदा मऊ आहे का, खालचा पट्टा झिजलाय का, बाजूच्या फळ्यांना उघडे खिळे-स्क्रू आलेत का, हे बघायला नवी पिन शोधून काढावी लागत नाही.

मेकॅनिक काकांचा मदतनीस नवीन आहे. तो एक पिन उचलून विचारतो, "काका, ही ठेवू का काढू?"

"वाजवून बघ."

तो दुसऱ्या पिनेने हलकेच ठोकतो.

"काढ ती. बद्द वाजतेय."

बाहेरून पिन चकचकीत होती. आवाज बद्द आला, कारण आतला एखादा डिंकाचा जोड सुटला होता. हो, जोड. पिन अखंड लाकडाची नसते.

[कापलेली पिन. उभा छेद.]

हे बघा, मधून उभी कापलेली पिन. मधला गाभा तळापासून डोक्यापर्यंत गेलाय. तोही बहुधा पट्ट्या चिकटवून केलेला असतो. पोटाचा फुगवटा मात्र बाजूंनी चिकटवलेल्या जाड फळ्यांचा आहे. आधी हा ठोकळा तयार होतो, मग तो लेथवर चढतो आणि पिनेचा आकार घेतो. लाकूड आहे हार्ड मेपल, उत्तर अमेरिकेतला शुगर मेपल. ज्याच्या रसाचं सिरप करतात तोच.

मेपलच का? नुसता कठीण म्हणून नाही. सागासारख्या लाकडात दरवर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांचा पट्टा पडतो. तिथे लाकूड विरळ असतं. मेपलमध्ये छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी पसरलेली असतात. त्यामुळे फटका कुठल्याही बाजूने आला तरी लाकूड जवळपास सारखंच वागतं. एकाच लेनवरच्या दहाही पिनांनी सारखं उडायला हवं असेल, तर हा गुण मोलाचा आहे.

लाकडाच्या रेषा पिनेत उभ्या जातात. कुऱ्हाडीला दांडा घालणारा माणूस रेषा दांड्याच्या लांबीने गेलीय ना, हे आधी बघतो. रेषा तिरकी निघून बाहेर पडली तर दांडा तिथेच मोडणार, हे त्याला ठाऊक असतं. पिनेच्या मानेचं तंतोतंत तेच आहे. मानेत गाठ आली, किंवा रेषा थोडी जरी तिरपी गेली, की चीर तिथूनच निघते. गाभ्यासाठी पट्ट्या निवडतानाच पिनेचं अर्धं आयुष्य ठरतं, आणि ही निवड डोळ्यांनी आणि हातांनी करायची गोष्ट आहे.

[भवानी पेठ. टिंबर मार्केट. वखारीतले ओंडके.]

आपल्याकडच्या बहुतेक पिना बाहेरून येतात. मग इथलं लाकूड चालेल का? भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये उभं राहिलं की हा प्रश्न आपोआप पडतो. साग टिकतो, वाळवीला दाद देत नाही, पण हार्ड मेपलपेक्षा तो मऊ आहे. शिसव देखणं आणि जड. आणि बाभूळ! औताला बाभूळ, बैलगाडीच्या चाकाला बाभूळ, विटी-दांडूला बाभूळ. मार खायची सवय असलेलं दुसरं लाकूड महाराष्ट्रात शोधून सापडायचं नाही.

अडचण वजनाची आहे. मेपलचं लाकूड लिटरला सुमारे 700 ग्रॅम भरतं, बाभूळ सहज 800 च्या पुढे जाते. आकार ठरलेला, त्यामुळे अख्खी पिन बाभळीची केली तर ती 1.64 किलोची हद्द ओलांडणार. पण अख्खी करायची गरजच काय? गाभा तेवढा बाभळीचा आणि पोटाच्या फळ्या हलक्या लाकडाच्या, असं का करू नये? मान पूर्ण गाभ्याचीच असते. बळकटी जिथे हवी तिथेच ती मिळेल आणि वजन पोटात कमी करता येईल. मला ही कल्पना करून बघण्यासारखी वाटते. तिच्यातली खोचही इथेच सांगतो. वजन पोटातून मानेकडे गेलं की गुरुत्वमध्य वर सरकतो. पिन साधारण 10 अंश कलली की पडते. गुरुत्वमध्य वर गेला तर ती त्याच्याही आधी पडेल. खेळ सोपा होईल, आणि तो कोणालाच नकोय.

दुसरी खोच पुण्याच्या हवेची. एप्रिलमध्ये ओठ फुटतात एवढी कोरडी हवा, जुलैत भिंतींना ओल. लाकूड दमटपणाने उंचीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. पूर्ण ओलं ते पूर्ण सुकं या प्रवासात शुगर मेपल एका दिशेने जवळपास 10 टक्के आकसतो, तर तिच्या काटकोनातल्या दिशेने निम्मा. म्हणून तर पिनेचं लाकूड आधी भट्टीत सुकवतात. दोन वेगळी लाकडं चिकटवली आणि ती वेगवेगळी फुगली, तर सगळा ताण डिंकाच्या जोडावर. एसी हॉलमध्ये हे कमी होतं. पण रात्री एसी बंद होतो, आणि पावसाळा चार महिने असतो.

या दमटपणाला अडवतं ते पिनेचं कवच. पूर्वी पिनांना नुसतं लाखेसारखं रोगण असायचं. ते टवके उडून जायचं. नंतर प्लास्टिकचं जाड आवरण आलं. त्यात 1960 च्या दशकात सर्लिन नावाचं प्लास्टिक आलं, गोल्फच्या चेंडूचं कवचही त्याचंच करतात. याच्या लांब रेणूंवर जागोजागी विद्युतभार असतात आणि ते एकमेकांना धरून ठेवतात. फटका बसला की हे बंध ताण वाटून घेतात. काचेसारखा तडा जाण्याऐवजी कवच दबतं आणि परत येतं. कवच शाबूत तोवर पिन शाबूत. मघाची ती नखाला लागणारी रेघ म्हणूनच गंभीर आहे. तिथून दमट हवा आत जाते, लाकूड फुगतं, जोड सैल होतो, आणि मग पिन बद्द वाजते.

[छोटी लेन. पिना दोरीने वर ओढल्या जाताहेत.]

आता बऱ्याच ठिकाणी दोरीवाली यंत्रं आली आहेत. प्रत्येक पिनेच्या डोक्याला दोरी. पडली की दोरी तिला वर ओढते, सरळ करते आणि परत ठेवते. वीज कमी, देखभाल कमी. अमेरिकेतल्या नियामक संस्थेने 2023 मध्ये या प्रकाराला वेगळा खेळ म्हणून मान्यताही दिली. पिनेला उचलचाकाचा मार बसत नाही, हा मोठाच फायदा.

पण दोरीसाठी डोक्यात भोक पाडावं लागतं, म्हणजे एक नवी कमकुवत जागा तयार होते. आणि एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. जुन्या यंत्रात पिना आपोआप जागा बदलतात. आजची हेडपिन उद्या मागच्या कोपऱ्यात असते. दोरीवाल्या यंत्रात हेडपिन कायम हेडपिनच राहते. सगळ्यात पहिला आणि सगळ्यात थेट मार रोज तिलाच. मागच्या कोपऱ्यातली मात्र नव्यासारखी. अशा लेनवर पिनांच्या जागा ठरावीक दिवसांनी हाताने बदलल्या, तर एकही पैसा न घालता अख्ख्या संचाचं आयुष्य वाढतं. हे करायला मालकाला सांगावं लागतं, कारण त्यासाठी लेन थोडा वेळ बंद ठेवावी लागते.

मग नवी पिन पूर्ण प्लास्टिकचीच का करू नये, असं कोणीही विचारेल. तशा पिना आहेत. पण पिनेने नुसतं टिकून भागत नाही. तिने योग्य तेवढंच उसळायला हवं. जास्त उसळली तर शेजारच्या चार घेऊन जाईल आणि स्ट्राइक, म्हणजे एका बॉलमध्ये दहाही पिना पाडणं, स्वस्त होईल; कमी उसळली तर खेळ मेल्यासारखा वाटेल. आणि तो आवाज! दहा पिना एकदम उडतानाचा कडाडा ऐकायला माणसं पैसे देतात. टिकाऊ पिनेला ही उसळी आणि हा आवाज सांभाळून टिकाऊ व्हायचं आहे. त्यामुळे अभियंत्याच्या हातात उरतात त्या आतल्या गोष्टी: गाभ्याची रेषा, डिंक, कवच, आणि तळाची नायलॉनची कडी.

[वेताळ टेकडीवरून शहर. मग भोसरीतलं वर्कशॉप.]

हे सगळं करायला पुण्यासारखं गाव नाही, आणि हे मी पुण्याचा म्हणून म्हणत नाही. वेताळ टेकडीवर 1966 पासून वाहनांच्या संशोधनाची एआरएआय ही संस्था आहे. पाषाणला 1950 पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिथे पॉलिमरवर मोठं काम झालंय. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात एखादा भाग परत परत ताण देऊन कधी तुटतो हे बघणं रोजचंच काम आहे. रेल्वेचे आस रोजच्याच ओझ्याखाली का मोडतात, याचा शोध जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकात घेतला. एका जबर फटक्याने न मोडणारी वस्तू लहान-लहान फटक्यांनी थकून मोडते, हे त्यातून पक्कं झालं. पिनेचं मरण याच जातीचं आहे.

त्यामुळे पहिलं काम चाचणीचं. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये सव्वासात किलोचा लंबक टांगता येईल. पिन आडवी धरायची, तळ पक्का करायचा आणि फटका मानेच्या वर, डोक्यावर द्यायचा, म्हणजे मान खरोखर वाकेल. प्रत्येक वेळी तेवढ्याच उंचीवरून, आणि प्रत्येक फटक्यानंतर पिन वाजवून आवाज मोजायचा. जोड सुटायला लागला की पिनेचा सूर उतरतो. तडा डोळ्यांना दिसायच्या आधी तो मायक्रोफोनला कळायला हवा. मेपलची पिन, बाभळीच्या गाभ्याची पिन आणि दोरीसाठी भोक पाडलेली पिन, तिन्ही एकापाठोपाठ लावायच्या. एकदा कोरड्या एप्रिलमध्ये, एकदा भर जुलैत. आणि तो मदतनीस तिथे हवाच, कारण बद्द आवाज कुठला हे यंत्राला शिकवायला आधी कोणाच्या तरी कानाला तो कळावा लागतो.